दारापासून दारापर्यंत एकोणीस तास

२ मार्च, रविवार

आजही बाबांशी बोलताना स्वेटर घातला. पंखा पाचवर, खिडकी सताड उघडी, तरी अंगाची काहिली होतेय. आणि मी गळ्यापर्यंत लोकर गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसलेली. बाबा म्हणाले, "तिकडे अजून थंडी आहे का गं?" मी म्हणाले, "हाडं गोठतात नुसती." तेवढ्यात कपाळावरून घामाची धार लागली. सर्दी झालीय म्हणत रुमालाने पुसली. अडतीस वर्षांची घोडी झाले, पण थापा मारताना अजून शाळेतल्यासारखे कान तापतात.

मग नेहमीचा प्रश्न. "तिकडे किती वाजले?" साडेचार तास वजा करून सांगितलं. आता सवय झालीय, बोटं मोजावी लागत नाहीत.

आठ महिने झाले. सहा वर्षांपूर्वी मी परदेशी गेले, कवळ्या करणाऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. मागच्या वर्षी लॅबने यंत्रं आणली, ती दात कोरतात, चहा मागत नाहीत की रजा मागत नाहीत. आम्हा पाच जणींना एका सकाळी बोलावलं, हातात एकेक गुलदस्ता दिला आणि निरोप दिला. मी परत आले, पण घरी गेले नाही. इथे या शहरात एका छोट्या लॅबमध्ये काम धरलं. म्हटलं, दोन महिन्यांत दुसरीकडे कुठेतरी लागेल, पुन्हा जाऊ, कोणाला कळायचंही नाही. दोनाचे आठ झाले. घर इथून बसने तीन तासांवर आहे, मध्ये एक बस बदलून.

बाबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मी निघाले त्या दिवशी त्यांनी नकाशावर पट्टी लावली होती. सरळ रेषेत आठ हजार सहाशे किलोमीटर. मी म्हणाले, विमानाने दोन तास, मग दुसरं विमान नऊ तास चाळीस मिनिटं. ते म्हणाले, "विमानाचं सांगू नकोस. मोजायचं ते दारापासून दारापर्यंत." टॅक्सी, विमानतळावरचं थांबणं, मधला मुक्काम, पुन्हा टॅक्सी, सगळं कागदावर मांडून बेरीज केली. एकोणीस तास. कोणीही विचारलं की ते हाच आकडा सांगतात, जणू मी तो मिळवला.

११ मार्च, मंगळवार

आज भलतंच झालं. सकाळच्या पार्सलमध्ये आमच्या गावच्या दाताच्या डॉक्टरांचा डबा होता. ते आमच्या लॅबला काम देतात हे मला माहीतच नव्हतं. डब्यात वरच्या-खालच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे, आणि सोबतच्या कागदावर बाबांचं नाव. वय चौऱ्याहत्तर. उरलेले दात काढून घेतल्याचं ते फोनवर म्हणाले होतेच.

मालकांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "पूर्ण कवळी आहे, तुम्हीच करा. तुमचा हात चांगला." मी नाही म्हणणार होते. काय कारण सांगणार?

साचा हातात घेतला. बाबांचं तोंड माझ्या तळहातावर. इतक्या जवळ आठ महिन्यांत ते आले नव्हते. मेणताई (ती मेणकाम करते, म्हणून आम्ही तिला तसंच म्हणतो) म्हणाली, "काय गं, डोळ्यांत काय गेलं?" प्लास्टरची भुकटी, म्हटलं.

१४ मार्च, शुक्रवार

दात मेणात लावले. कागदावर लिहिलं होतं, 'समोरचे दात सरळ, नेहमीसारखे.' तसे लावले आणि बघितलं तर ते दुसऱ्याच कोणाचं तरी हसू. बाबांचा वरचा डावा दात शेजारच्यावर जरासा चढलेला असायचा. ते हसले की आधी तो दिसायचा, मग बाबा. मेणाची सुरी गरम केली आणि तो दात केसभर वळवला. झाले की बाबा!

मेणताई म्हणाली, "वाकडा बसलाय."

"असू दे."

"कागदावर सरळ लिहिलंय ना?"

"असू दे म्हटलं ना."

ती तिच्या कामाकडे वळली. मग मलाच लाज वाटली. तिचं काय चुकलं होतं?

१९ मार्च, बुधवार

मेणातली कवळी तोंडात बसवून बघण्यासाठी पाठवली होती, ती परत आली. डॉक्टरांची चिठ्ठी: 'माप उत्तम. समोरचा एक दात वाकडा आहे, सरळ करून देतो असं मी म्हणालो. रुग्णाने आरशात बराच वेळ पाहिलं आणि अजिबात हात लावू नका असं सांगितलं. लॅबचं नाव विचारत होते.'

मालक खूश. मी घाबरले. पण डॉक्टरांना लॅबचं नाव माहीत, माझं नाही. निभावलं.

३० मार्च, रविवार

कवळी लावलेले बाबा बघितले. दहा वर्षांनी तरुण दिसतात. मी म्हणाले, "छान बसलीय हो!" ते म्हणाले, "हो ना. शहरातल्या कुठल्याशा लॅबमध्ये केलीय. करणाऱ्याचा हात चांगला आहे." मी तत्परतेने म्हणाले, "इकडे तर सगळं यंत्रच करतं." बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन अडकला. मग म्हणाले, "जेवलीस का?"

आज तिकडे किती वाजले ते त्यांनी विचारलं नाही. मी उगाच वजाबाकी करून तयार होते.

६ एप्रिल, रविवार

आजही वेळ विचारली नाही. तिकडची हवा, तिकडची लॅब, काहीच नाही. सहा वर्षं हा माणूस माझ्या तिकडच्या भाजीवाल्याचीही चौकशी करायचा. आता त्यांचा माझ्यातला रस संपला बहुतेक. लागलं मनाला. लागू दे, माझ्याच कर्माची फळं.

त्याऐवजी बसचं पुराण लावलं. शहरातून आता थेट बस सुरू झालीय, बदलावी लागत नाही, दोन तास चाळीस मिनिटं, आपल्या कोपऱ्यावर थांबते. "सकाळची दहा चाळीसची रिकामी असते," म्हणाले. मी हसले, "मला काय उपयोग, बाबा?"

"नाही, आपलं सांगून ठेवलं." आणि मग, "तो स्वेटर काढ गं. घरातच आहेस ना."

म्हातारे होत चाललेत.

१३ एप्रिल, रविवार

आज बाबा एक जुनी गोष्ट सांगत बसले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका शेताचं माप चुकवलं होतं. चूक लक्षात आली, पण लाजेने चार महिने त्या रस्त्याला फिरकले नाहीत. शेवटी गेले आणि सांगितलं. शेतमालकाने सतरंजी टाकली आणि म्हणाला, बसा आधी. "चार महिने मी उगाच लांबून वळसा घालत होतो बघ," म्हणाले.

मला घाई होती, नऊ कवळ्या बाकी होत्या. हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

२४ एप्रिल, गुरुवार

हे लॉजच्या खोलीत लिहितेय. घडलं तसं लिहिते, नाहीतर स्वतःलाही काहीतरी वेगळंच सांगत बसेन.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन. बाबा न्हाणीघरात पडले. पक्षाघाताचा झटका, पण सौम्य. उजव्या हातात जोर नाही, बोलतायत व्यवस्थित. दादा म्हणाला, "तुझं नाव घेतायत सारखं. किती तास लागतील तुला?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "एकोणीस."

किती सोपं होतं तीन म्हणणं. शब्द तोंडात होता, तो मी गिळला. लॅबच्या संगणकावर विमानांचं वेळापत्रक उघडलं, आपल्याकडच्या सव्वा वाजता तिकडून सुटणारं विमान सापडलं, त्याचा नंबर दादाला कळवला. म्हणाले, निघतेच. आणि निघाले. खोलीवरून बॅग उचलली, दहा चाळीसची बस गाठली. रिकामीच होती.

बसमध्ये ठरवलं की थेट बाबांच्या खोलीत जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. काय म्हणायचं त्याची तालीम केली. सव्वा वाजता विमान 'सुटलं' म्हणून फोन मात्र बंद केला. म्हणजे खरं सांगायला निघालेल्या बाईने थापेची काळजी तेवढी चोख घेतली.

एक वीसला उतरले. दवाखान्याच्या फाटकात दादा उभा होता, गल्लीतले चार-पाच जण सोबत. तो सांगत होता, "फोन केला तशी निघाली हो. एकोणीस तासांचा प्रवास, एकटी येतेय." शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगी असावी तर अशी." मी रस्त्याच्या या बाजूला, एका टेम्पोच्या आड. त्यांच्यादेखत आत जाणं जमेना. तिथूनच दवाखान्यासमोरच्या लॉजमध्ये शिरले. खोली मिळाली ती नेमकी दवाखान्याकडे तोंड करून.

झटका सौम्य आहे. बोलतायत. उद्या सकाळी जाईन, मग एकटे असताना सांगेन. एका रात्रीने काय बिघडतं.

पावणेपाच. समोर दुसऱ्या मजल्यावर धावपळ दिसतेय. नर्स पळतायत, कोणीतरी खिडकीचा पडदा ओढून घेतला. कोणावर काय वेळ आलीय कोणास ठाऊक. बिचारे.

बॅगेला विमानाचा जुना कागदी पट्टा बांधला. गेल्या वर्षीचा. तारीख आत दुमडली.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्या मजल्यावरची ती खोली बाबांचीच होती.

काल साडेचारनंतर दुसरा झटका आला. मोठा. वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही, आत्ता सांगता येत नाही. मी सकाळी सहाला बॅग ओढत गेले तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पडले होते. मला बघितलं. ओठ हलले, आवाज नाही. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

दादा म्हणाला, "साडेचारपासून तुला फोन लावत होतो. बंद. म्हटलं, विमानात असणार." रात्री अकराला, मी मधल्या विमानतळावर 'उतरल्यावर', फोन चालू करून विचारलं होतं, बाबा कसे आहेत. त्याने लिहिलं होतं, 'ठीक आहेत, तू ये.' आज म्हणाला, "परक्या ठिकाणी एकटी, रडत बसली असतीस. म्हणून नाही सांगितलं."

मी रस्त्यापलीकडे होते. पन्नास पावलांवर.

खोलीत नातेवाइकांसाठी एकच बाक आहे. दादाच्या काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, डोळे लालभडक झालेत. तरी वहिनीला म्हणाला, "तिला झोपू दे, एकोणीस तास बसून आलीय." स्वतःचा शर्ट घडी करून माझ्या डोक्याखाली दिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी लॉजच्या गादीवर झोपून आलेली. डोळे मिटून सोंग घेतलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं, आज कळलं ते कशाला म्हणतात.

२६ एप्रिल, शनिवार

वहिनीने जेवताना सांगितलं. गुरुवारी बाबांनी दहाच्या फोननंतर तिला विचारलं, किती वाजले. मग म्हणाले, "दीडपर्यंत येईल ती. आली की आधी जेवायला घाला." वहिनी म्हणाली, "अहो बाबा, तिला उद्याची पहाट होईल." तर म्हणाले, "नाही. दीड." दीड वाजल्यापासून नजर दारावर. कोणाचंही पाऊल वाजलं की मान वळवायचे.

तीनच्या सुमाराला दादाने त्यांना फोनवर नकाशा दाखवला. त्या नंबरचं विमान त्याने शोधून ठेवलं होतं. एवढंसं विमान निळ्यावरून सरकतंय. "बघा बाबा, आता समुद्रावर आहे ती." बाबांनी फोन ढकलून दिला. म्हणाले, "बंद कर ते. दारात बघून ये." दादा सांगताना रडवेला झाला. "मी नुसता दारापर्यंत गेलो आणि बघून आल्यासारखं केलं गं. नाही आली म्हणालो."

वहिनी म्हणाली, सकाळपासूनच भ्रम सुरू झाला असणार, आपल्याला कळलं नाही. डॉक्टरांनी कागदावर तसंच लिहिलंय. दुसऱ्या झटक्याआधीपासून रुग्णाला वेळेचं आणि माणसांचं भान नव्हतं. म्हणजे मेंदूला पहिल्यापासूनच जास्त इजा, आता फारशी आशा धरू नका.

वहिनीने मला विचारलं, "असंच असेल ना हो?"

मी म्हणाले, "अशा आजारात होतं तसं."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने.

तेव्हापासून सगळे त्यांच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलतायत. मोठ्याने, तोडून तोडून. "बा-बा, ही को-ण?" नर्सने त्यांच्यासमोरच दादाला सांगितलं की यांना काही समजत नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी दादा पाणी पाजत होता. "हे पा-णी. हे का-य?" बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ज्या माणसाने त्या एका चुकीनंतर आयुष्यात फूटभर जमीन इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याला माझ्यामुळे वेडा ठरवलाय आणि तो त्याबद्दल चकार शब्द काढू शकत नाही. बोलता येत होतं तेव्हाही त्यांनी काढला नाही. दीड म्हणाले, का ते सांगितलं नाही. मला झाकत होते.

त्यांना माहीत होतं. कसं कळलं ते मला अजून उमगलेलं नाही. सकाळभर आठवून पाहिलं, फोनवर कुठे माझी जीभ घसरली, कुठे वजाबाकी चुकली. काही सापडत नाही.

मी म्हणाले, "दादा, बाबांना भ्रम झाला नव्हता. मी दीडला आले होते."

दादाच्या हातात पेला तसाच. "कुठे?"

"इथेच. समोरच्या लॉजमध्ये."

मग सगळं सांगितलं. यंत्रं, गुलदस्ता, इतके महिने, लॅब, बस, टेम्पो, बंद केलेला फोन. मुद्दाम बाबांच्या उशाशी उभी राहून सांगितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते दादाकडे बघत होते, हा आता काय करतो म्हणून.

दादा खिडकीशी गेला. लॉज दिसतं तिथून, पाटीसकट. पाठमोराच म्हणाला, "तिथून ही खिडकी दिसते?"

"दिसते."

"मी त्यांना समुद्र दाखवत होतो गं."

वहिनी कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी. दादाने डोळे पुसले, वळला, आणि माझ्याशी नाही, बाबांशी बोलला. नेहमीच्या आवाजात, न तोडता. "बाबा, चुकलंच माझं. दीड म्हणजे दीडच होतं." बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. ते मी पुसलं. त्यांनी हात झिडकारला नाही.

मला दादा एवढंच म्हणाला, "खाली जा. डॉक्टरांना सांग. ते खोडून घे."

डॉक्टरांच्या खोलीत दोन नर्स होत्या, औषधवाला होता, दारात आणखी एका पेशंटचे तीन नातेवाईक. मी म्हणाले, बाबांच्या कागदावरची एक ओळ चुकीची आहे. डॉक्टर म्हणाले, "रुग्ण परदेशातली मुलगी दुपारी येणार म्हणत होता. हा भ्रम नाही तर काय?" मला वाटलं, हळू बोलावं. मग वाटलं, आता कसलं हळू. सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगी परदेशात नव्हती, बसने अडीच-पावणेतीन तासांवर होती, दुपारी आलीही होती, भेटायला गेली नाही. नातेवाइकांपैकी एकीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. तिची नजर मी विसरणार नाही, आणि तिचं काही चुकलंही नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "म्हणजे दुसऱ्या झटक्यापर्यंत शुद्ध पूर्ण होती." ओळ खोडली, बाजूला सही केली. म्हणाले, "मग आता तपासणी नव्याने करू. समजतंय असं धरूनच बोलत जा त्यांच्याशी." मी हो म्हणाले आणि उठले.

नर्सने थांबवलं. गुरुवारी भरलेल्या अर्जात मुलीच्या पत्त्यापुढे दादाने परदेशातला पत्ता लिहिला होता, शुद्ध अक्षरात, पिनकोडसकट. ती म्हणाली, "हाही बदलायचा का?" तिने पेन दिलं. मी शहरातल्या खोलीचा पत्ता लिहिला, लॅबचा लिहिला, मग दोन्हींवर काट मारून घराचा लिहिला.